उरणचे ऊन आणि 'ड' जीवनसत्त्व

करंजाच्या बंदरावर भर दुपारी जाळे सांधत बसलेला कोळी आणि न्हावा-शेव्याच्या वातानुकूलित कचेरीत काचेआड दप्तर सांभाळणारा कारकून हे एकाच सूर्याच्या अंमलाखाली राहत असले, तरी दोघांच्या देही 'ड' जीवनसत्त्वाचा भरणा सारखा होत नाही. कारण त्वचेतील मेदद्रव्यापासून ते घडवणारे अतिनील किरण खिडकीची काच जवळजवळ पूर्णपणे अडवते. हे किरण मध्यान्हीच्या सुमारास सर्वांत प्रबळ असतात, त्यामुळे सकाळच्या कोवळ्या उन्हावरची आपली श्रद्धा या कामी अपुरी पडते; शिवाय सावळ्या त्वचेला उन्हात अधिक वेळ द्यावा लागतो.

आपल्या प्रतिकारपेशी या जीवनसत्त्वाला स्वतःच क्रियाशील रूप देतात आणि त्याच्या प्रेरणेने कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक द्रव्य निर्माण करतात, हे मला त्याच्या हाडांवरील उपकाराइतकेच विलक्षण वाटते. अमेरिकेतील 25,871 प्रौढांच्या 'व्हायटल' प्रयोगात रोज 2,000 एकके घेणाऱ्यांत शरीराने स्वतःवरच उलटण्याचे विकार सुमारे 22 टक्क्यांनी कमी आढळले. कर्करोग व हृदयविकार यांचे प्रमाण मात्र घटले नाही.

म्हणूनच दुधात कालवून घेतली जाणारी 60,000 एककांची पुडी डॉक्टरांच्या सल्ल्याविना महिनोन्महिने चालू ठेवणे मला सर्वथा गैर वाटते, कारण अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा पोहोचते. निरोगी प्रौढाची दैनंदिन गरज 600 एककांची आहे, आणि तीतला काही वाटा उरणच्या बाजारातील तारली-बांगडेही उचलतात.