मुसीकाठची इंग्रजी कविता

हैदराबादच्या गौलीगुड्यातून निघालं की कोठीचा चौक पायी गाठायला फार वेळ लागत नाही. त्या वाटेवर फुटपाथला जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. विवेकवर्धिनीत शिकत होतो तेव्हा इंग्रजी कवितेची पहिली पुस्तकं मी तिथेच, गाइडांच्या थप्पीखालून उपसून घेतली. पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, ‘‘सर, ही आधुनिक कविता इतकी उदास का? प्रेमाची म्हणून सुरू होते आणि मरणापाशी का जाते?’’ उत्तर देताना मी नेहमी लंडनपासून सुरुवात करायचो. आता वाटतं, आमच्या मुसी नदीपासून करायला हवी होती.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला पूर आला. काठच्या वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या, हजारो माणसं दगावली. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पाण्यात गेली, एकटे अमजद वाचले. माझ्या लहानपणी गल्लीतली म्हातारी माणसं वयाचा हिशेब ‘तुग्यानीच्या आधी’ आणि ‘तुग्यानीच्या नंतर’ असाच सांगत. तुग्यानी म्हणजे तो पूर.

त्या पुराच्या मदतकार्यात उतरलेल्या कवयित्री सरोजिनी नायडू तेव्हा २९ वर्षांच्या होत्या. त्यांचा ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ हा कवितासंग्रह लंडनहून १९०५ लाच निघाला होता. नामपल्लीच्या बाजूला असलेल्या त्यांच्या घरालाही पुढे तेच नाव पडलं. विद्यार्थिदशेत त्या इंग्लंडमध्ये होत्या तेव्हा एडमंड गॉस या समीक्षकाने त्यांना सांगितलं होतं, की इंग्लंडचे पक्षी आणि फुलं सोडा, आपल्या मातीतलं लिहा. त्यांनी तो सल्ला मानला. पालखी, बांगडीवाले, कोळी, चाफा हे सगळं कवितेत आलं. लय अशी, की कविता मोठ्याने वाचावीशी वाटते. मृत्यूही आला, पण नटूनथटून, अत्तर लावून.

१९१५ ने हे बदलायला हवं होतं. जानेवारीच्या अखेरीस त्यांचे वडील अघोरनाथ गेले, निजाम कॉलेजची उभारणी करणारे. तीन आठवड्यांनी, १९ फेब्रुवारीला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले गेले. गोखल्यांना त्या गुरू मानत. पहिलं महायुद्धही सुरू होतं. हैदराबादच्या स्त्रियांच्या युद्धमदत संस्थेच्या डिसेंबर १९१५ च्या अहवालासाठी त्यांनी ‘द गिफ्ट ऑफ इंडिया’ लिहिली. परमुलखात मेलेल्या हिंदी शिपायांची ती कविता, आणि तिच्यात बोलते ती त्यांची आई. १९१७ च्या ‘ब्रोकन विंग’ संग्रहाच्या उपशीर्षकातच प्रेम, मृत्यू आणि नियती हे तीन शब्द आहेत. त्यातली ‘द टेंपल’ ही मालिका मी अनेकदा वाचली. प्रियकराच्या पायी स्वतःला चुरडून घेणारी ती बाई मला अस्वस्थ करते. तिचं दुःख खरं आहे, पण अंगावरचे दागिने ते दुःख मोकळेपणी हलू देत नाहीत. या संग्रहानंतर त्या हयात असेपर्यंत त्यांचा नव्या कवितांचा संग्रह आला नाही. १९२७ सालच्या कविता त्यांच्या मुलीने, पद्मजा यांनी, १९६१ ला छापल्या. तोवर आईला जाऊन बारा वर्षं झाली होती.

कवितेच्या अंगावरचे हे दागिने उतरवण्याचं काम त्याच सुमारास इंग्लंडमध्ये चाललं होतं. टॉमस हार्डींची पत्नी एमा २७ नोव्हेंबर १९१२ ला वारली. एका घरात राहूनही दोघांचं बोलणं कित्येक वर्षं आटलेलं होतं. ती गेल्यावर बहात्तर वर्षांचा हा माणूस पुन्हा तिच्या प्रेमात पडला. दोघं जिथे प्रथम भेटली त्या समुद्रकाठी जाऊन आला आणि तिच्यावर कविता लिहू लागला. आधुनिक इंग्रजी कवितेतलं प्रेम, भ्रमनिरास आणि मृत्यू एकाच ठिकाणी बघायचे असतील तर मी या कविता पुढे करतो. माफी मागायला समोर कोणी उरलेलं नाही, हे तिथे साध्या शब्दांत येतं आणि म्हणून ते जाळतं. कवी विल्फ्रेड ओवेन युद्ध संपायला एक आठवडा असताना, ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला. देशासाठी मरणं गोड असतं हे जुनं वचन त्याच्या कवितेने कायमचं खोटं पाडलं. १९२२ च्या ‘वेस्ट लँड’मध्ये एलियट सगळ्या युरोपची राख चाळतो आणि शेवटी बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रजापतीच्या ‘द’पाशी येतो.

मराठी वाचकाला हे वळण समजायला मर्ढेकर आहेत. १९३९ चा ‘शिशिरागम’ आणि १९४७ च्या ‘काही कविता’ शेजारी ठेवून वाचा. हात एकच, मध्ये आठ वर्षं आणि एक महायुद्ध. पहिल्यातली हळवी हुरहूर दुसऱ्यात गिरणी, घड्याळ आणि गर्दी यांच्यात सापडून करकरते. त्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. मला मात्र त्या कविता प्रार्थनेसारख्या वाटतात.

हैदराबादेत दागिने उतरवण्याचं हे काम ज्याने केलं तो कवी आमच्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. श्रीनिवास रायप्रोल १९२५ ला सिकंदराबादेत जन्मले. वडील रायप्रोलु सुब्बाराव तेलुगूतले मोठे भावकवी. मुलाने आडनावाचा शेवटचा ‘उ’ गाळला आणि कवितेसाठी इंग्रजी घेतली. स्टॅनफर्डला स्थापत्य अभियांत्रिकी शिकताना विल्यम कार्लोस विल्यम्स या कवी-डॉक्टरशी पत्रं सुरू झाली. परत येऊन सरकारी इंजिनिअरची नोकरी धरली, ‘ईस्ट अँड वेस्ट’ हे नियतकालिक १९५६ ते १९६१ चालवलं, आणि पहिला संग्रह निघाला तो थेट १९६८ ला. पुढचा, १९७२ चा, ‘मॅरिड लव्ह अँड अदर पोएम्स’. सरोजिनींच्या कवितेतलं प्रेम देवळाच्या पायरीवर उभं असतं, रायप्रोलांचं घरातल्या पलंगावर बसलेलं. देह, दमलेली इच्छा, आपण ठरवलं तेवढं झालो नाही याची बोच, हे ते आवाज न चढवता सांगतात. विद्यार्थ्यांना हवं होतं ते उत्तर मला यांच्यापाशी मिळालं. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढलं त्याच्याबद्दल खोटं बोलायचं नाही असं ठरवलं, की त्याचं म्हातारपण आणि मरण कवितेत येणारच. त्याला उदासपणा म्हणताना आता माझी जीभ अडखळते.

रायप्रोल १९९८ ला गेले. विल्यम्सबरोबरची १९४९ ते १९५८ मधली ती पत्रं पुस्तकरूपाने आली २०१८ ला. त्याच वर्षी जुलैत गौलीगुड्याच्या बसस्थानकाचं, निजामाच्या काळातलं प्रचंड कमानदार छप्पर कोसळलं. स्थानक आधीच बंद केलं होतं म्हणून जीव वाचले. त्या छपराखालून मी कितीदा आजोळी गेलो होतो. ढिगारा बघून कोठीकडे वळलो आणि नेहमीच्या पुस्तकवाल्यापाशी थांबलो. रायप्रोलांच्या निवडक कविता पुढे मिळाल्या. ‘मॅरिड लव्ह’ची ती मूळ प्रत मात्र अजून हाती लागलेली नाही. त्या बाजूला गेलो की गाइडांच्या थप्पीखाली हात घालून पाहतो.