अर्ध्या टक्क्यासाठी चार हजार माणसे

संधिवाताने माणूस सहसा मरत नाही, आणि अनुदानाच्या दृष्टीने हीच त्याची मोठी अडचण आहे. क्षयरोग, कर्करोग, हृदयविकार यांच्या पाठीशी मृत्यूचे आकडे असतात. सकाळी तासभर न वळणारी बोटे, जिना उतरताना कठडा धरून आडवे टाकलेले पाऊल यांची नोंद कुठल्याच दाखल्यावर होत नाही. त्यामुळे या रोगावर संशोधन करू पाहणाऱ्याला सरकारकडे पैसे मागण्याआधी रोग किती आहे हेच सिद्ध करावे लागते; आणि ते सिद्ध करायलाही पैसे लागतात.

मी कांजूरमार्ग पूर्वेला राहतो. मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन कक्षात बावीस वर्षे मी डॉक्टरांचे प्रस्ताव तपासले आणि मंजूर झालेल्यांचे हिशेब ठेवले. मी डॉक्टर नाही. पण औषधाची गोळी रुग्णाच्या हातात पडण्याआधी किती कागद फिरतात, ते मी जवळून पाहिले आहे.

आधी पैसे कोठून येतात ते पाहू. वैद्यकीय संशोधनासाठी मुख्य दार भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे. १९११ साली ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ म्हणून निघालेली ही संस्था १९४९ मध्ये आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याशिवाय जैवतंत्रज्ञान विभाग आहे, आयुष मंत्रालय आहे, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद म्हणजे सीएसआयआर आहे. प्रत्येकाचे अग्रक्रम वेगळे. म्हणून एकच कल्पना तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी मांडावी लागते.

आता समजा, कांजूरमार्गात आमवाताची पाहणी करायची आहे. इथे लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार आहेत, बिनलिफ्टच्या जुन्या इमारती आहेत, आणि रोज रेल्वेचा पूल चढणाऱ्या बायका आहेत. डॉक्टर म्हणतात, ‘पाचशे लोक तपासू.’ समितीचा पहिला प्रश्न येतो, ‘पाचशेच का?’

उत्तर भिगवणने देऊन ठेवले आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाखाली ती झाली. या पद्धतीचा गाभा साधा आहे. प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघर जाऊन आधी ‘कुठे दुखते?’ एवढेच विचारतात. दुखते म्हणणाऱ्यांची सविस्तर प्रश्नावली भरतात. मग तज्ज्ञ फक्त त्यांनाच तपासतो. भिगवणमध्ये ४०९२ प्रौढांची पाहणी झाली. सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे होते. खरा आमवात मात्र सुमारे अर्धा टक्का, म्हणजे वीसेक माणसे.

हा अर्धा टक्का घेऊन गणित मांडले, आणि उत्तर पाव टक्का इकडेतिकडे चालेल असे धरले, तर साधारण तीन हजार प्रौढ तपासावे लागतात. पाचशेंत हाती लागतील दोन किंवा तीन रुग्ण. त्यावरून कांजूरमार्गाबद्दल काहीच म्हणता येणार नाही. प्रस्तावातला ‘नमुना संख्या’ हा परिच्छेद म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा. पुढचे सगळे अंदाजपत्रक त्यावर उभे राहते: किती पाहणीदार, किती महिने, किती रक्ततपासण्या.

प्रश्नावलीही फुकट येत नाही. गुडघेदुखी मोजायची जगन्मान्य ‘वोमॅक’ मोजपट्टी कॅनडात घडली. आपल्याकडचा गुडघा मांडी घालतो, उकिडवा बसतो. हे लक्षात घेऊन पुण्याच्या संधिवात केंद्राने तिचे भारतीय रूप केले. भाषांतर आणि त्याची पडताळणी हा अंदाजपत्रकातला स्वतंत्र खर्च आहे, हे नवख्या संशोधकाच्या ध्यानात येत नाही.

सरकारी पैशातून काय निघू शकते, याचेही उदाहरण आहे. सीएसआयआरच्या ‘निमित्ली’ योजनेतून गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक औषधांची चाचणी झाली. ४४० रुग्ण, चोवीस आठवडे, चार गट: सुंठ आणि गुळवेल यांवर आधारलेली दोन औषधे, ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब. कोणाला काय दिले, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. निष्कर्ष २०१३ मध्ये ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात आला: वेदना कमी करण्यात ही औषधे इतर दोहोंच्या बरोबरीची ठरली. आयुर्वेदिक गटांतल्या काही रुग्णांत यकृताचे एक विकर वाढले आणि औषध थांबवल्यावर उतरले, हेही त्यात नोंदवले आहे. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही’ या समजाला उत्तर द्यायला अशी चाचणीच लागते, आणि ती खासगी दवाखान्याच्या गल्ल्यातून होत नाही.

मंजुरीनंतर माझे काम सुरू होई. नैतिकता समितीची परवानगी, औषधाची चाचणी असेल तर राष्ट्रीय नोंदवहीत नोंद, मग पहिला हप्ता. पुढचा हप्ता हवा तर खर्चाचे विवरण आणि ‘बारा-अ’ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र. जनतेचा पैसा आहे, हिशेब हवाच; त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेळेची आहे. एका प्रकल्पात दुसरा हप्ता सात महिने अडकला. पाहणीदार मुलगी पगाराविना किती थांबणार? तिने नोकरी बदलली. सहाव्या महिन्याची तपासणी हुकली. पहिल्या दिवशी हात पुढे करून रक्त देणाऱ्या बायकांकडे कोणी परत गेलेच नाही, आणि अहवालात त्या ‘संपर्क तुटलेले रुग्ण’ म्हणून गणल्या गेल्या. संपर्क त्यांनी तोडला नव्हता.

म्हणून अर्ज लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी दोन गोष्टी सांगतो. महागडे यंत्र मागण्याआधी पाहणीदारांचा पगार पूर्ण मुदतीसाठी मागा, आणि हप्ता लांबला तर तो कोण भरणार याचे लेखी पत्र संस्थेकडून आधी घ्या. दुसरे, निष्कर्ष लोकांना मराठीत कळवायचा खर्च अंदाजपत्रकात धरा. तीन हजार दारे ठोठावल्यावर पंधराच आमवाताचे रुग्ण सापडतील. पण पाचशेहून अधिक जण ‘दुखते’ म्हणालेले असतील. त्यांना आपले दुखणे कोणते, एवढे तरी समजले पाहिजे.