सर्व्हर डाऊन आहे, उद्या या!

मालवणी मुलखात दोन इंग्रजी शब्द आता शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही अर्थासकट ठाऊक झाले आहेत : सर्व्हर डाऊन. रेशनच्या दुकानातल्या यंत्राने अंगठा ओळखला नाही, सातबाऱ्याचा उतारा निघाला नाही, बँकेतून पैसे मिळाले नाहीत, की खिडकीपलीकडून हे दोन शब्द येतात आणि त्यांना जोडून मालवणी निरोप येतो, 'फाल्या येवा.' उद्या या. सदतीस वर्षे मी खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. हे वाक्य मीही पुष्कळदा म्हटले आहे. त्यातला एक दिवस मात्र मनातून जात नाही.

२००९ च्या जुलैतली गोष्ट. माझे गाव पिंगुळी. तिथून जवळच, कुडाळ तालुक्यातल्या एका शाखेचा मी व्यवस्थापक होतो. पाऊस कोसळत होता. साडेदहाच्या सुमाराला शाखेतल्या संगणकांचे पडदे जागच्या जागी थिजले. रस्त्याकडेची माती उपसताना जेसीबीने केबल तोडली होती. थोड्या वेळाने आमच्या गावचीच एक बाई आली. नवऱ्याला पहाटे गोव्याला, बांबोळीच्या इस्पितळात हलवले होते. तिला आठ हजार रुपये हवे होते आणि पासबुकात त्याहून जास्त शिल्लक होती. मी तेच वाक्य म्हटले. ती शांतपणे म्हणाली, "सायब, पैशे माझेच ना? मगे तुमचा मशीन बंद पडला म्हणान ते माझे नाय काय?"

अशा दिवसासाठी आमच्याकडे नियम होता. रोज संध्याकाळी खात्यांच्या शिलकेची यादी छापून ठेवायची आणि लाइन तुटली तर त्या यादीवरून ठरावीक रकमेपर्यंत पैसे द्यायचे. आमच्या शाखेत ती यादी कित्येक महिने छापलीच नव्हती. कागद फुकट जातो, म्हणून मीच बंद करवली होती. शेवटी आम्ही चौघांनी खिसे रिकामे करून साडेपाच हजार जमवले आणि तिला दिले. बाकीच्यासाठी ती भर पावसात कुणाकुणाच्या दारी गेली असेल, ते मी विचारले नाही.

पुढे चौकशीत आणखी एक गोष्ट कळली. आमच्या शाखेला एक नव्हे, दोन लाइनी होत्या. एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून मुद्दाम दोन घेतलेल्या. पण रस्त्याकडेला दोन्ही केबली एकाच चरातून आल्या होत्या. जेसीबीच्या एका फावड्याने दोन्ही गेल्या. ज्याने ही रचना आखली, त्याच्या कागदावर दोन रेघा होत्या. जमिनीखाली चर एकच होता.

हे सांगताना जुने दिवस फार चांगले होते, असा सूर मला लावायचा नाही. मी १९८३ साली बँकेत लागलो. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात संगणकाविषयी करार झाला तो त्याच वर्षी. पुढच्याच वर्षी डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा संगणकीकरणाचा अहवाल आला. संगणक आला की नोकऱ्या जातील, या भीतीने आम्ही घोषणाही दिल्या. पण ते लेजरचे दिवस आठवा! सहामाहीला ताळा जुळेना म्हणून रात्री जागवायच्या. ज्या शाखेत खाते, त्याच शाखेत पैसे. मुंबईच्या मुलाने पाठवलेल्या मनिऑर्डरची आई पंधरा-पंधरा दिवस वाट पाहायची. २००० नंतरच्या दशकात 'कोअर बँकिंग' आले, सगळ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती ठिकाणी गेली आणि मुलाने मुंबईत भरलेले पैसे आईला त्याच दिवशी कुडाळला मिळू लागले. हे सुख मोठे आहे. पण लेजर होते तेव्हा एका शाखेचे दुखणे त्या शाखेपुरते असे. आता मध्यवर्ती ठिकाणी ठेच लागली, की हजारो खिडक्यांवर एकाच वेळी 'उद्या या' सुरू होते. म्हणूनच ती मध्यवर्ती रचना कोण आखतो आणि त्याला काय शिकवले जाते, हा प्रश्न आता तुमच्या-माझ्या घरचा झाला आहे.

आमच्या वाडीतला एक मुलगा हेच काम करतो. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका, मग अभियांत्रिकीची पदवी आणि त्यानंतर पुण्याला सी-डॅकचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. सी-डॅक ही १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली सरकारी संस्था. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तिने उभा केला, हे अनेकांना आठवत असेल. तिने १९९३ साली 'ॲक्ट्स' ही प्रशिक्षणशाळा काढली, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. प्रोग्राम लिहायला शिकवणारे अभ्यासक्रम तिथे आहेतच. पण हा मुलगा शिकला तो 'आयटी इन्फ्रास्ट्रक्चर'चा, म्हणजे प्रोग्राम ज्या यंत्रांवर, ज्या जाळ्यावर, ज्या विजेवर चालायचा ती सारी मांडणी सांभाळण्याचा. आता तो नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये आहे. चतुर्थीला गावी आला, की माझ्या पडवीत येऊन बसतो.

"काकानू, घर बांधताना जसा गवंडी वेगळा आणि आराखडा करणारा वेगळा, तसाच आमचा धंदा," तो मला समजावत होता. आराखडा करणाऱ्याने आधी काही साधे प्रश्न विचारायचे. एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे येतील? सरासरी नव्हे, पगाराच्या तारखेला आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी किती? कुठले एक यंत्र बंद पडले तर सगळेच बंद पडेल? ते सापडले की त्याला जोडीदार द्यायचा. बंद पडलेच, तर किती वेळ चालवून घेता येईल? आणि शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तर परवडेल? बँकेत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकच : एकही नाही.

हे प्रश्न पुस्तकातून पाठ होतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या 'एमसीएसई' प्रमाणपत्राची लाट आली, तेव्हा प्रश्नोत्तरे घोकून पास होणाऱ्यांना 'कागदी एमसीएसई' म्हणू लागले होते. प्रमाणपत्र खरे, पण बंद सर्व्हरपुढे उभे केले की घाम फुटायचा. माझ्या मते खरे शिक्षण पडझडीच्या हकिगतींतून होते, आणि अशा हकिगतींना तोटा नाही.

२६ जुलै २००५ चा मुंबईचा प्रलय घ्या. पाणी मुंबईत भरले, पण त्या दोन दिवसांत देशात इतरत्रही अनेक एटीएम यंत्रे मुकी झाली, कारण त्यांच्या मध्यवर्ती यंत्रणा मुंबईत होत्या. दुसरी यंत्रणा दूरच्या शहरात का हवी, हे त्या पावसाने सांगितले. नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमधली वीज गेली आणि ग्राहकांचे व्यवहार अडले. असे आधीही झाले होते, म्हणून डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवायला लावली. हे निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडला. जानेवारी २०१७ मध्ये 'गिटलॅब' या परदेशी कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकून चालू माहितीसाठा पुसला गेला. नकला ठेवण्याच्या पाच पद्धती होत्या, ऐनवेळी त्यांतली एकही धड कामाला येईना. सुदैवाने सहा तासांपूर्वी काढलेली एक नक्कल सापडली. ते वाचताना मला माझी न छापलेली यादी आठवली.

सर्वांत बोलकी हकिगत अगदी अलीकडची आहे. १२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभर यूपीआय कित्येक तास रखडले. भाजीवाल्यापुढे माणसे मोबाइल धरून उभी! कारण काय निघाले? काही बँकांच्या यंत्रणा 'तो व्यवहार झाला का?' ही एकच विचारणा पुन्हा पुन्हा करत होत्या, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. काउंटरवर एका माणसाने 'झाले का हो?' विचारले तर काही बिघडत नाही. रांगेतल्या सगळ्यांनी दर मिनिटाला विचारले, तर कॅशियरला नोटा मोजायला वेळ कुठून मिळणार? त्यानंतर अशा विचारण्यांवर मर्यादा घातली गेली. ज्याने ती विचारणा लिहिली, त्याचा प्रोग्राम बरोबरच असेल. सगळे एकदम विचारू लागले तर काय होईल, हे पाहणे मात्र रचनाकाराचे काम. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका महिन्यात यूपीआयचे २००० कोटींवर व्यवहार झाले. एवढा भार ज्या खांद्यांवर आहे, ते खांदे घडवायला सहा महिने पुरतात का?

मी त्या मुलाला हे विचारले. तो म्हणाला, त्याला खरे शिकवले ते पहिल्या नोकरीतल्या एका वरिष्ठाने. तो वरिष्ठ न सांगता सरावाच्या यंत्रणेतली एखादी वायर उपटायचा आणि घड्याळ लावून बसायचा. नक्कल काढली, एवढे सांगून चालत नसे. ती परत भरून दाखवावी लागे. मग मी त्याला माझ्या दोन लाइनींची आणि एका चराची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. "काकानू, ह्या आमका कोणी शिकवक नाय," तो म्हणाला. "आमच्या नकाशात शाखा म्हणजे एक ठिपका असता."

मला वाटते, अभ्यासक्रमात भर घालायची तर ती इथे. रचना शिकणाऱ्या प्रत्येकाला आठ दिवस अशा एखाद्या ठिपक्यावर आणून बसवावे, शक्यतो आषाढात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्यावरची वीज गावेच्या गावे दिवसेंदिवस नेली होती, ते त्याने लोकांकडून ऐकावे. केबल कुठल्या चरातून येते, ते चालत जाऊन पाहावे. इन्व्हर्टर किती तास टिकतो, ते मोजावे. आणि एक दिवस काउंटरवर बसून 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणावे.

आमच्या पिंगुळीला ठाकर समाजाचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ही कला आणि चित्रकथी जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांनी गुरांच्या गोठ्यात उभारलेले संग्रहालय पाहायला लांबून माणसे येतात. खेळ बघताना आपले लक्ष बाहुलीकडे असते, दोऱ्या सांभाळणाऱ्या हातांकडे कोणी बघत नाही. सर्व्हरवाल्यांचेही तसेच. सगळे सुरळीत चालले, की त्यांची आठवण कोणाला होत नाही, आणि व्हावी अशी त्यांची अपेक्षाही नसते.

ती बाई चौथ्या दिवशी शाखेत आली. नवरा वाचला होता. तिने खात्यातून पैसे काढले आणि आमचे साडेपाच हजार टेबलावर मोजून ठेवले. जाता जाता संगणकाकडे बोट दाखवून म्हणाली, "आता चलता मा?" मी हो म्हटले. त्या संध्याकाळपासून निवृत्त होईपर्यंत, ज्या ज्या शाखेत गेलो तिथे, शिलकेची यादी मी रोज छापून घेतली.