दूरच्या अनोळखी दुःखाविषयीची करुणा : खालापूर-कर्जत परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

कोठेतरी भूकंप होतो, कोठे दरड कोसळते, कोठे समुद्र गावात शिरतो. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक दिवसाच्या वेतनाविषयीचे परिपत्रक लागते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक वर्गावर्गातून मदतपेटी फिरवू लागतात. अशा वेळी प्राध्यापक कक्षात दोन मते हमखास ऐकू येतात. ज्यांना कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी हळहळणे हीच माणुसकी, हे एक मत. साऱ्या जगाचे दुःख किती वाहायचे, आधी आपल्या दारातले पाहावे, हे दुसरे. ही दोन्ही मते वरवर परस्परविरोधी दिसतात. परंतु दोन्हींत एक गृहीतक समान आहे. ते म्हणजे ‘जवळचे’ आणि ‘दूरचे’ यांतील सीमारेषा सर्वांना ठाऊक आहे, हे होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करून, दूरच्या अनोळखी माणसांच्या शोकांतिकेविषयी करुणा वाटावी काय आणि वाटावी तर ती कोणत्या स्वरूपाची असावी, या प्रश्नाचे विवेचन केले आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील खालापूर व कर्जत या तालुक्यांचा संदर्भ घेतला आहे.

करुणा : संकल्पनेचे स्पष्टीकरण :

दया, सहानुभूती, समानुभूती आणि करुणा हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. तथापि त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. दयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. समानुभूतीत दुसऱ्याची वेदना आपल्याही मनात उमटते. करुणेत दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव असतेच, शिवाय ते दुःख दूर व्हावे अशी इच्छा व तयारीही असते. पतंजलींच्या योगसूत्रांतील समाधिपादात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना चित्तप्रसादनाची साधने म्हणून सांगितल्या आहेत. तेथे करुणेचा विषय ‘दुःखी’ एवढाच आहे. तो आपला की परका, हा भेद केलेला नाही. बौद्ध परंपरेत याच चार भावनांना ब्रह्मविहार म्हटले आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. क्रूरता हा दूरचा शत्रू. तो सहज ओळखू येतो. शोक हा जवळचा शत्रू; तो करुणेसारखाच दिसतो म्हणून फसवतो. दुसऱ्याच्या दुःखाने आपण खचून गेलो म्हणजे आपण करुणामय झालो, हा तो भ्रम होय.

आधुनिक मानसशास्त्रातही या भेदाला दुजोरा मिळतो. जर्मन संशोधक तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समानुभूती व करुणा यांचे वेगवेगळे प्रशिक्षण देऊन प्रयोग केले. केवळ समानुभूती वाढविली असता सहभागी व्यक्तींच्या मनातील क्लेश वाढले; करुणेच्या प्रशिक्षणाने मात्र सकारात्मक भावना वाढीस लागल्या. म्हणजेच दूरच्या दुःखाविषयी ‘किती रडावे’ हा प्रश्न आणि ‘करुणा असावी काय’ हा प्रश्न एक नव्हेत.

अंतराचे स्वरूप : खालापूरचे २०२३ हे वर्ष :

१५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, बोरघाटातील शिंग्रोबा मंदिराजवळ एक खासगी बस दरीत कोसळली. पुण्याचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतणाऱ्या वादकांचे पथक तीत होते. १३ जणांचा मृत्यू झाला. दरीतून जखमींना वर काढण्यासाठी खोपोली परिसरातील गिर्यारोहक व स्वयंसेवक धावून गेले. या भागात ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या नावाने काम करणारा स्वयंसेवकांचा गट आहे. महामार्गावरील जखमी हा त्यांच्या दृष्टीने बहुतेक वेळा पूर्णपणे अनोळखी प्रवासी असतो. त्याचे गाव, जात, भाषा यांपैकी काहीही ठाऊक नसताना त्याला उचलून रुग्णालयात पोहोचविणे, हा येथील काही माणसांच्या नित्य जीवनाचाच भाग झाला आहे.

त्यानंतर तीन महिन्यांनी, १९ जुलै २०२३ रोजी रात्री याच तालुक्यात, चौक गावाजवळ, इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकूर आदिवासींच्या वस्तीवर दरड कोसळली. वाडीची लोकसंख्या २२८ होती. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रसामग्री वर नेता आली नाही आणि मुसळधार पावसात कुदळ-फावड्याने हातांनीच माती उपसावी लागली. चढण चढत असताना अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. आश्रमशाळेत शिकणारी जी मुले त्या रात्री वाडीत नव्हती, ती वाचली; परंतु त्यांपैकी काहींचे आईवडील मात्र राहिले नाहीत.

या दोन घटना शेजारी ठेवल्या असता अंतराविषयीची रूढ कल्पना टिकत नाही. इर्शाळगडाचा सुळका द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशांना दिसतो. २००२ पासून या पूर्ण झालेल्या मार्गाने रोज हजारो वाहने त्याच्या पायथ्यालगतच्या परिसरातून जात होती. नकाशावर वाडी जवळ होती; समाजाच्या जाणिवेत ती दूर होती. ज्यांना ती जवळची होती, त्यांत गडावर जाणारे गिर्यारोहक होते. वाडीतल्या अंगणातून त्यांची वाट जात असे, तेथल्या घरांत त्यांनी पाणी मागितलेले असे. म्हणूनच त्या रात्री सर्वप्रथम चढून गेलेल्यांत खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारख्या संस्थांचे सदस्य होते. यावरून असे म्हणता येईल की, अंतर हे किलोमीटरमध्ये मोजले जात नाही. ते ओळखीत, रस्त्यात, भाषेत आणि सामाजिक स्थानात मोजले जाते. परिणामी ‘आधी जवळच्यांचे पाहावे’ असे म्हणणाऱ्याला प्रथम हे सांगावे लागेल की, त्याच्या ‘जवळच्यां’त इर्शाळवाडी होती काय?

प्रमुख आक्षेप व त्यांचा परामर्श :

पहिला आक्षेप मानवी स्वभावाचा आहे. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७५९ साली प्रसिद्ध झालेल्या नैतिक भावनांवरील ग्रंथात एक उदाहरण दिले आहे. चीनमध्ये प्रचंड भूकंप होऊन असंख्य माणसे गडप झाली, तर युरोपातील सज्जन मनुष्य थोडा वेळ हळहळेल आणि मग शांत झोपी जाईल. मात्र उद्या आपली करंगळी कापली जाणार हे कळले, तर त्याला रात्रभर झोप लागणार नाही. पुष्कळदा हे उदाहरण येथेच थांबविले जाते. स्मिथ मात्र पुढे विचारतात की, स्वतःची करंगळी वाचविण्यासाठी हा मनुष्य त्या असंख्य लोकांचा बळी देईल काय? त्यांच्या मते नाही. कारण भावना दुर्बल असली तरी विवेक जागा असतो आणि आपण अनेकांपैकी एक आहोत, हे तो सांगतो. सारांश, दूरच्यांविषयी भावना कमी वाटणे हा दोष नव्हे. त्यावरून आपले कर्तव्यही कमी ठरविणे, हा दोष होय.

दुसरा आक्षेप भावनेच्या अविश्वसनीयतेचा आहे. पॉल स्लोविक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे आढळले की, एका बालकाचे नाव व छायाचित्र समोर ठेवले असता लोक अधिक देणगी देतात. त्याच आवाहनाला लाखो पीडितांची आकडेवारी जोडली असता देणगी घटते. प्रसारमाध्यमे जे दाखवितात तेच मनाला भिडते आणि जे दाखवीत नाहीत ते नसल्यासारखे होते. हा आक्षेप बिनतोड आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष करुणा सोडून द्यावी असा नसून, केवळ चित्रावर अवलंबून असलेल्या करुणेला ज्ञानाचा आधार द्यावा, असा आहे.

तिसरा आक्षेप निष्फळतेचा आहे. दूर बसून हळहळल्याने कोणाचेही दुःख कमी होत नाही, हे खरे आहे. किंबहुना अविचारी मदत अडचणही ठरते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. देणाऱ्यांनी स्वतःच्या घरातील अडगळ पाहिली. घेणाऱ्यांची गरज पाहिली नाही. याउलट ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ती मुले संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या नात्यागोत्यातील नव्हती. दोन्ही उदाहरणांत भावना खरी होती. फरक पडला तो पीडितांची गरज समजून घेण्यात आणि मदत वर्षानुवर्षे टिकविण्यात.

चौथा आक्षेप मर्यादेचा आहे. पीटर सिंगर यांनी पूर्व बंगालमधील १९७१ च्या निर्वासितांच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, डबक्यात बुडणाऱ्या मुलाला वाचविणे जसे कर्तव्य आहे, तसेच दूरच्या उपाशी माणसाला वाचविणेही कर्तव्य आहे; अंतराने नैतिक फरक पडत नाही. तर्क म्हणून हे प्रतिपादन खोडून काढणे कठीण आहे. परंतु प्रत्येक दुःखाला सारखाच प्रतिसाद देणे कोणत्याही एका व्यक्तीला शक्य नाही, हेही तितकेच खरे. येथे भावना आणि व्यवस्था यांत श्रमविभागणी करावी लागते. दूरच्यांसाठी मुख्यतः संस्थांमार्फत, शासनामार्फत व नियमित देणगीद्वारे कार्य करावे. जेथे आपण स्वतः पोहोचू शकतो तेथे स्वतः पोहोचावे. वेतनातून होणारी कपात ही नुसती सरकारी कार्यवाही वाटते, परंतु ती अनोळखी माणसाशी जोडणारी एक वाटही आहे. मात्र ती एकच वाट नव्हे.

दूरच्या दुःखातून जवळचे पाहणे :

करुणेच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद करता येतो. तो या परिसराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. १५१ जण मृत्युमुखी पडले. गावात पोहोचलेल्या एस.टी. बसच्या चालकाला गाव जागेवर नसल्याचे दिसले आणि त्यानंतर बाहेरच्या जगाला घटना कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ८० हून अधिक माणसे गेली. इर्शाळवाडीनंतर ३० जुलै २०२४ रोजी केरळमधील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै व चूरलमला येथे अडीचशेहून अधिक जणांचा बळी गेला. या सर्व ठिकाणी डोंगरउतार, अतिवृष्टी आणि पाण्याने भिजून सुटलेली माती हे घटक समान आहेत. बळी गेलेले लोकही बहुतांशी शेतकरी, आदिवासी किंवा मळ्यांतील मजूर होते.

माळीणच्या वेळी अवघा महाराष्ट्र हळहळला. दरडप्रवण गावांच्या याद्याही तयार झाल्या. परंतु इर्शाळवाडी धोकादायक ठिकाणांच्या यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर शासनानेच विधिमंडळात सांगितले. दरड नेमकी कोठे व केव्हा कोसळेल, हे शास्त्रालाही अचूक सांगता येत नाही. म्हणून एखाद्या यंत्रणेला दोष देऊन विषय संपत नाही. तरीही एक प्रश्न उरतो. माळीणच्या दुःखाकडे ‘आपल्याही उतारांवर अशीच माणसे राहतात’ या दृष्टीने किती जणांनी पाहिले? कर्जत व खालापूर तालुक्यांत डोंगरउतारांवर ठाकूर व कातकरी वाड्या आहेत. दूरच्या दुःखाविषयीची हळहळ तेथेच थांबली, तर ती बुद्धघोषाने सांगितलेला शोक ठरते. तीच हळहळ घराजवळच्या डोंगराकडे नजर वळवीत असेल, तर ती करुणा ठरते. म्हणूनच ‘दूरचे की जवळचे’ हा पर्यायच चुकीचा आहे. दूरच्याकडे डोळसपणे पाहिल्यावाचून जवळचे दिसत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकाची भूमिका :

या परिसरातील महाविद्यालयांत वाड्यांवरून येणारे विद्यार्थी शिकतात. पावसाळ्यात ते अनुपस्थित राहिले, तर हजेरीपटावर केवळ एक खूण होते. तो विद्यार्थी कोणत्या उतारावरून, कोणती वाट तुडवून येतो, हे अध्यापकास ठाऊक नसेल, तर वर्गातील पहिल्या बाकाइतक्या अंतरावरही अनोळखी मनुष्य असू शकतो. या दृष्टीने काही गोष्टी सहज करता येतील. पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पांतून वाड्यांच्या परिसरातील जमिनीच्या भेगा, नव्याने फुटलेले झरे, कललेली झाडे व खचलेल्या वाटा यांची नोंद घेऊन ती तहसील कार्यालयास देता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे अशा वाड्यांवर घेता येतील. दूरच्या आपत्तीसाठी निधी गोळा करताना तेथे नेमके काय हवे, याची आधी चौकशी करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता येईल. आपत्तीनंतर एक वर्षाने, जेव्हा वृत्तपत्रे विसरलेली असतात, तेव्हा त्याच गावाचे पुनर्वसन कोठवर आले, हा चर्चेचा विषय ठेवता येईल. माळीणच्या ग्रामस्थांना आमडे येथील नव्या घरांत जाण्यास २०१७ साल उजाडले. मधल्या काळातील त्यांचे दुःख छायाचित्रांत नव्हते, म्हणून ते कमी नव्हते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, दूरच्या अनोळखी माणसांविषयी विशिष्ट तीव्रतेची भावना वाटलीच पाहिजे, अशी सक्ती कोणावर करता येत नाही. कारण भावना आज्ञेने उत्पन्न होत नाहीत. परंतु त्यांचे दुःख खरे मानणे, ते समजून घेणे, शक्य ती मदत विचारपूर्वक करणे आणि काही काळ ते स्मरणात ठेवणे, हे कर्तव्य म्हणून मागता येते. बोरघाटात पडलेल्या अनोळखी प्रवाशासाठी दरीत उतरणाऱ्याने त्याचे गाव विचारले नाही. इर्शाळवाडीवर माती उपसणाऱ्यांपैकी अनेकांनी ती वाडी त्या दिवशी प्रथमच पाहिली. तेथे जाण्यापूर्वी त्यांच्या मनात किती हळहळ होती, हे कोणी मोजलेले नाही. ते गेले, एवढे मात्र निश्चित आहे. शिक्षणाने यात भर घालावयाची असेल, तर ती एवढीच की, वाडी मातीखाली जाण्यापूर्वी ती पाहणारी माणसे तयार व्हावीत.