हाडाला ऑफ-सीझन नसतो



एरवी या पानावर मी लावण, बेणेप्रक्रिया नाहीतर खोडव्यातलं पाचट यावर लिहितो. या खेपेला जरा आडवाटेनं जातो. गेल्या आषाढात माझी आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. उंचावरून नव्हे, उभ्या उभ्या पडली. वय 71. जन्मभर उसात भांगलण केलेली, डोक्यावरून वाड्याचे भारे वाहिलेली बाई. तिचं हाड एवढ्याशा निमित्तानं मोडलं कसं, हा प्रश्न मला सोडेना. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी समजावलं, पुढे मी स्वतः काही वाचलं, ते आपल्या भाषेत मांडतो. मी शेतीचा डिप्लोमावाला, डॉक्टर नव्हे, हे ध्यानात ठेवूनच वाचावे.

हाड म्हणजे घराच्या वाशासारखं, एकदा घातलं की जन्माला पुरलं, असं आपण धरून चालतो. तसं नाही. हाड जिवंत असतं आणि सतत बदलत असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरसाल नवा होतो. आपल्या कारखान्यात गाळप संपलं की मिल उघडतात, रोलर काढतात, बॉयलरच्या ट्यूबा तपासतात. हाडाला असा ऑफ-सीझन नाही. माणूस बैलं हाकतोय, मोळी उचलतोय, आणि आत त्याच वेळी दुरुस्ती चालू आहे.

ही दुरुस्ती करणाऱ्या पेशी मुख्यतः तीन तऱ्हेच्या. पहिली ऑस्टिओक्लास्ट. ही हाड खाणारी पेशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातकुळीतली, अनेक पेशी एकत्र मिळून झालेली, म्हणून आकारानं मोठी. ती जुन्या हाडाला चिकटून बसते, खाली आम्ल सोडते, त्यात हाडातला चुना विरघळतो. मग पाचक रसांनी उरलेला चिवट भाग कुरतडते आणि एक बारीकसा खड्डा पाडून निघून जाते. दुसरी ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे गवंडी. त्या टोळीनं येतात, खड्ड्यात आधी कोलॅजन नावाच्या तंतूंचा थर घालतात, आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फरसचे कण बसून तो घट्ट होतो. (रस शुद्ध करायला आपण चुना वापरतो, त्यातलंच हे कॅल्शियम. मात्र तंबाखूबरोबरचा चुना हाडाला लागू पडतो, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये.)

आता खरी मेख इथे आहे. खड्डा पाडायला साधारण तीन आठवडे लागतात, तो भरून पक्का व्हायला तीन-चार महिने. तुमचा प्लॉट टोळी दोन दिवसांत मोकळा करते, पण तो पुन्हा तोडीला यायला किती महिने जातात, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

तिसरी पेशी मला सगळ्यात आवडली. काम संपल्यावर काही गवंडी स्वतःच बांधलेल्या हाडात गाडले जातात आणि तिथेच राहतात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातल्या पेशींत दहातल्या नऊ याच असतात, आणि कित्येक तर वर्षानुवर्षे जगतात. बारीक नळ्यांतून एकमेकींना हात लावून बसलेल्या असतात. हाडावर भार आला, कुठे बारीक चीर गेली की यांना आधी कळतं, आणि कुठे खणायचं, कुठे भरायचं याचा निरोप त्या देतात. आमचा चिटबॉय जसा फडाफडात फिरून खबर आणतो, तसंच. फरक एवढाच, की या जागा सोडत नाहीत. भार पडतो तिथं हाड जाड होतं, नाही तिथं झिजतं. अंतराळात गेलेल्या माणसांच्या खुब्याचं हाड महिन्याला टक्का-दीड टक्का कमी होतं, कारण तिथं पायावर वजनच पडत नाही.

मग आईच्या अंगावर तर जन्मभर भार होता. तिचं काय चुकलं? तिशीपर्यंत हाडाची शिल्लक वाढते, पुढे हळूहळू घटते. बायकांची पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं. खाणाऱ्या पेशींना आवर घालणारं तेच. आवर सुटला की खड्डे पडतात भराभर, गवंडी मागे पडतात. खुब्यात, मणक्यात, मनगटात हाड आतून जाळीसारखं असतं. त्या जाळीचा एखादा धागा पुरता तुटला की तो पुन्हा सहसा जोडला जात नाही. बेट मेलं की तिथं फुटवा येत नाही, तसंच. आपण नांग्या तरी भरतो. त्यात आईची चाळीस वर्षांची मिश्री. तंबाखू हाडाला वाईटच.

आणि माझी चूक सांगायलाच हवी. आठ वर्षांपूर्वी तिचं मनगट असंच साध्या पडण्यानं मोडलं होतं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, विसरलो. पन्नाशीनंतर असं मनगट मोडलं तर तीच सूचना असते. तेव्हाच हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या प्रत्येकाच्या मागे माती परीक्षणासाठी लागणारा मी, घरातलं परीक्षण राहिलं.

खाणाऱ्या पेशींचा हात आवरणारी औषधं आता मिळतात, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावीत. घरच्या घरी करण्यासारखं म्हणजे दूध-ताक, चालणं, थोडं ऊन आणि नाचणी. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ज्वारीत त्याचा दहावा हिस्साही नाही. मोठ्या माणसाची दिवसाची गरज 1000 मिलिग्रॅमच्या आसपास. सांधेदुखीवर कुणाच्या तरी सांगण्यावरून महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या खाणारे आपल्या गटात आहेत. त्यांनी तर डॉक्टरांना आधी गाठावे, गोळ्या आपल्या मनानं एकाएकी बंदही करू नयेत.

आई आता वॉकर धरून अंगणातल्या उन्हापर्यंत येते. नाचणीच्या भाकरीला नाक मुरडते, पण खाते. मिश्रीची डबी मात्र परवा पुन्हा उशाखाली सापडली.

— ऊस विकास अधिकारी