मोहाखालची आग : आज दोन तास वाचतात, पण उद्याचा मोह जातो

रामटेक / पारशिवनी : मार्च लागला की पहाटे मोहफुलं टपकायला लागतात. टोपल्या घेऊन घरचे सगळे झाडाखाली हजर. पण खाली वाळलेल्या पानांचा थर असतो. त्यात फूल दिसत नाही, वेचायला वेळ जातो. पहाटे अस्वलाची भीती वेगळीच. म्हणून बरेच जण आधीच झाडाखालची पानं पेटवून देतात. जागा साफ होते, फूल लगेच दिसतं. पण वारा सुटला की तीच आग झाडाखालून निघून जंगलात शिरते.

पेंच, मानसिंगदेव, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या भागांतलं जंगल पानझडीचं आहे. उन्हाळ्यात सगळा पाला खाली पडलेला असतो. म्हणूनच १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वन विभाग आगीचा हंगाम मानतो.

मोठं झाड जळत नाही, मग नुकसान काय?

जुन्या मोहाची साल जाड असते. पाला जळाला तरी झाड उभंच राहतं. त्यामुळे काही बिघडलं नाही असं वाटतं. खरं नुकसान खाली होतं. मोहाच्या बिया जून-जुलैच्या सुमारास पडतात आणि पावसात उगवतात. त्या बिया फार दिवस टिकत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते रोप वीतभर असतं. तेव्हाच आग लागली की रोप गेलं. दरवर्षी हेच झालं तर जंगलात म्हातारे मोह राहतात, तरणे नाहीत. रोपाला फुलावर यायला आठ-दहा वर्षं तरी लागतात. आपल्या नातवानं कोणत्या झाडाखाली फुलं वेचायची, हे आज ठरतं.

सागाचं तसं नाही. सागाचं रोप वरून जळालं तरी मुळातून पुन्हा फुटतं. म्हणून वारंवार जळणाऱ्या जंगलात साग टिकतो आणि नाजूक रोपांच्या जाती हळूहळू कमी होतात.

तित्तर आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, तीही उन्हाळ्यात. पालाच गेला तर त्यातले किडे, सरडे कुठं जाणार? आणि उघड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की वरची माती वाहून जाते.

घाणेरी का वाढते?

घाणेरी, म्हणजे लॅन्टाना, वरून जळाली तरी बुडातून पुन्हा फुटते. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम या संशोधकांनी २००५ मध्ये एक चक्र मांडलं. आगीनं जागा मोकळी होते, तिथं घाणेरी शिरते. उन्हाळ्यात तीच वाळून सरपण होते. पुढची आग आणखी मोठी लागते आणि घाणेरी पुन्हा पसरते.

मग आग नेहमीच वाईट का?

तसंही नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरी डोंगरातले सोलिगा आदिवासी सांगतात की पूर्वी ते उन्हाळा तापण्याआधी हलकी आग लावायचे. त्यात फक्त पाला जळायचा आणि घाणेरी आटोक्यात राहायची. आग पूर्ण बंद झाल्यावर ती माजली, असं त्यांचं म्हणणं संशोधकांनी नोंदवलं आहे. आपला वन विभागही हंगामाआधी जाळरेषा जाळून ठेवतो, म्हणजे पुढे आग आली तरी तिथं अडते.

आग कधी लागते, किती तापते आणि किती वर्षांनी येते, यावर सगळं ठरतं. दरवर्षी, भर उन्हात आणि लक्ष न ठेवता लावलेली आग जंगलाला सोसत नाही.

गावानं काय करायचं?

• पानं जाळू नका, झाडून बाजूला करा. झाडाखाली हिरवी जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर फूल स्वच्छ मिळतं. मातीही लागत नाही.
• तेंदूला नवी पानं यावीत म्हणून आग लावायची गरज नाही. हंगामाआधी खुटांची छाटणी केली तरी चांगला फुटवा येतो.
• मोहाखाली रोप दिसलं तर भोवती काटे लावा. काही बिया झाडाखालीच राहू द्या.
• जंगलालगत धुरे जाळताना पाणी आणि माणसं सोबत ठेवा. दुपारी आणि वाऱ्यात काडी लावू नका.
• आग दिसली तर वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री नंबरवर कळवा.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग टिपते आणि मोबाइलवर संदेश पाठवते. पेंचमध्ये २०२४ पासून धूर ओळखणारा कॅमेराही आहे. पण उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका साधारण ३७५ मीटरचा असतो. त्यात नेमकं कोणतं झाड पेटलं ते कळत नाही. ते झाडाखाली उभ्या माणसालाच आधी दिसतं.

अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. राखीव जंगलालाही १९२७ चा वन कायदा लागू होतो. पण केस होईल या भीतीपेक्षा हिशोब मोठा आहे. एका सकाळचे दोन तास वाचवायचे, की पुढच्या पिढीचा मोह? यंदा फुलं वेचायला जाण्याआधी घरात एवढं बोलून घ्या.