राजेळीची सुकेळी : वसईच्या अंगणातील एक युक्ती

वसई तालुक्यात सांडोरपासून उत्तरेस आगाशीपर्यंत जो बागायती पट्टा पसरला आहे, तेथील वाड्यांत केळ पिढ्यान्‌पिढ्या लावली जात आली. केळीचा घड एकदा पिकू लागला की तो बागायतदारासाठी थांबत नाही. मुंबईची बाजारपेठ जवळ असली तरी सर्वांचे घड एकदम उतरले म्हणजे भाव कोसळतो, आणि चार दिवसांत काळ्या पडणाऱ्या फळाचे करावयाचे काय, हा प्रश्न घरात येऊन पडतो. वसईच्या घरांनी ह्या प्रश्नास दिलेले उत्तर म्हणजे सुकेळी. ही युक्ती कोणा एका शोधकाच्या नावावर नाही. ती अंगणात व पडवीत, बहुधा घरातील स्त्रियांच्या हातून सिद्ध झाली. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांनी आगाशीच्या सुक्या केळ्यांची वाखाणणी केली आहे, इतकी ती जुनी आहे.

सुकेळीसाठी राजेळी हीच जात घेतात. तिचे फळ लांब, जाड व घट्ट गराचे असते. बसराईसारख्या मऊ, पाणीदार केळ्याने हे काम साधत नाही. घड उतरविल्यावर भाताच्या पेंढ्यात अढी घालून फळे पूर्ण पिकवितात. येथे घाई करणारा फसतो. अर्धवट पिकलेल्या राजेळीत पिठूळपणा राहतो व असे केळे वाळून चिवट लाकडासारखे होते. पूर्ण पिकल्यावर पिष्टाची साखर होते आणि पुढे हीच साखर फळाचे रक्षण करते.

साल सोलून केळी बांबूच्या अथवा कारवीच्या ताट्यांवर उन्हात मांडतात. ताटी जमिनीपासून उंच असल्याने वारा खालूनही खेळतो. ताटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या म्हणजे मुंग्यांचा बंदोबस्त होतो. कावळ्यांसाठी मात्र घरातील एखादे मूल राखणीस बसवावे लागते!

ह्या कृतीतील खरी चतुराई संध्याकाळी दिसते. उन्हे उतरली की केळी ताटीवरून काढून केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून ठेवतात आणि सकाळी पुन्हा उन्हात मांडतात. वरवर पाहता हा दवापासून बचाव वाटतो, व तो आहेही. समुद्रकाठची रात्रीची हवा दमट असते व उघडे फळ दिवसा गमावलेले पाणी परत शोषून घेते. परंतु लाभ एवढाच नाही. सतत उन्हात ठेवलेल्या फळाची बाहेरची बाजू कडक होते व आतील पाणी आतच कोंडते. असे फळ वरून वाळलेले दिसले तरी आतून आंबते. रात्रभर झाकून ठेवल्याने आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या थरात येतो आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन तो नेते. फळे वाळविण्याच्या आधुनिक शास्त्रातही असाच विसावा देण्याची शिफारस आहे.

सुमारे आठवडाभर हा क्रम चालला म्हणजे केळे तपकिरी, मऊ व मधुर होते. बोटांनी दाबले असता ओल लागू नये आणि वाकविले असता मोडू नये, ही घरगुती परीक्षा पुरेशी आहे. पिकलेल्या गरात सुमारे 70 टक्के पाणी धरले व ते 20 टक्क्यांवर आणले, तर सोललेल्या 10 किलो केळ्यांची पावणेचार किलोच्या आसपास सुकेळी मिळावी. सांगली-तासगावकडे बेदाण्यासाठी द्राक्षे वाळविण्यापूर्वी द्रावणात बुडवितात. सुकेळीस द्रावण लागत नाही, साखरही लागत नाही. मात्र कोरडी हवा अवश्य लागते, म्हणून पावसाळ्यात हे काम बंद असते.

ह्या जुन्या पद्धतीत दोन सुधारणा करण्यासारख्या आहेत. माश्या व धूळ टाळण्यासाठी ताटीवर बारीक जाळी ताणावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी सौर वाळवणी पेटी वापरावी, पण पेटी आली म्हणून रात्रीचा विसावा सोडू नये. विक्री करावयाची असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी आवश्यक आहे.

अडचण वाळवणीपेक्षा वाडीत अधिक आहे. वसई-विरारची वस्ती वाढली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, काही विहिरींचे पाणी मचूळ झाले. राजेळीच्या घडास फण्याही कमी. तेव्हा बागायतदार ती काढून दुसरे पीक घेतो, ह्यात त्याला दोष देता येत नाही. पण केळीचे बी पेरता येत नाही. जात टिकते ती मुनव्यांवर. वाडीतील शेवटचे राजेळीचे बेट खणण्यापूर्वी निरोगी केळीच्या बुंध्यालगतचे, तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे कंदासह काढावेत आणि पावसाळ्याच्या आरंभी विहिरीच्या पाटाजवळ लावावेत. रुंद पानांचे मुनवे दिसायला जोमदार असले तरी त्यांचा कंद लहान असतो. ते घेऊ नयेत. स्वतःला जागा नसेल तर शेजाऱ्याच्या वाडीत चार मुनवे द्यावेत.